हासे गुरुजींच्या दोन होड्या

राजूरच्या शाळेमागे दोन होड्या पालथ्या पडून होत्या, त्याला त्या सकाळी बावीस दिवस झाले. मच्छिंद्र हासे गुरुजींनी चहाचा कप तोंडाला लावला, न पिताच खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "आज सांगूनच टाकतो."

"काय?" मालनबाईंनी विचारलं.

"कुठली घ्यायची ते."

"बरं," मालनबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली. बावीस दिवसांत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याने त्यांची भाकरीसुद्धा करपत नव्हती.

गुरुजी हा मुळात निवड करणारा माणूसच नव्हता. बाजारात भोपळा आणायला गेले तर दोन भोपळे दोन हातांत धरून ते अर्धा तास उभे राहत. एकाचा देठ चांगला वाटे, दुसऱ्याची कांती. शेवटी विकणारी बाई वैतागली, की दोडकी घेऊन घरी येत. अशा माणसावर होडी निवडायची पाळी यावी, ही शासनाने आणि दैवाने मिळून केलेली करणी होती.

झालं होतं असं. भंडारदऱ्याच्या धरणाच्या काठी भोई लोकांची अकरा घरं होती. ही माणसं मासे धरायची ती ट्रकच्या जुन्या ट्यूबवर पोट टेकून, हातांनी पाणी मारत. आदल्या पावसाळ्यात वस्तीतला जाणता माणूस रंभाजी याच्या जावयाची ट्यूब धरणाच्या ऐन मधोमध फुटली. जावई एका बुडालेल्या झाडाच्या शेंड्याला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत लटकून राहिला. दुसऱ्या दिवशी रंभाजी त्याला घेऊन गुरुजींकडे आला. सोसायटी काढली तर सरकार होडी देतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सोसायटीला चिटणीस लागतो, चिटणिसाला अक्षर लागतं, आणि पंचक्रोशीत अक्षर होतं ते हासे गुरुजींचं.

"शिवाय तुमचं नावच मच्छिंद्र," रंभाजी म्हणाला. "म्हंजी तुमी आमच्यातलंच."

गुरुजींचं घराणं नाथांचं. घरात मासा कधी शिजला नव्हता, आणि पाण्याशी गुरुजींचा संबंध आंघोळीच्या बादलीपुरता. पोहणं तर सोडाच, पूल ओलांडताना ते एसटीच्या खिडकीतून तोंड आत घेत. पण जावयाने तळहात पुढे केले. झाडाच्या सालीने सोलवटून निघाले होते. गुरुजी हो म्हणाले.

सोसायटी झाली, होडी मंजूर झाली. फक्त मत्स्य खात्याचा एक नियम होता: दोन कारागिरांकडून दोन नमुने मागवावेत, चिटणिसाने दोहोंची तपासणी करावी, आणि एकीची निवड करून कारणे सविस्तर, तीन प्रतींत, मार्चअखेर पाठवावीत. मार्च उलटला की मंजुरीही उलटणार होती.

होडी बांधू शकतील अशी माणसं त्या भागात दोनच होती, गोरक्ष सुतार आणि कानिफनाथ सुतार. दोघे सख्खे भाऊ, शेजारी शेजारी राहणारे, आणि सहा वर्षं एकमेकांशी न बोलणारे. आमच्या जिल्ह्यात नाथांची नावं घरोघर आहेत, पण नाथांचा संयम नावाबरोबर येतोच असं नाही. बाप गेल्यावर वाटणी झाली तेव्हा बापाचा वाकस थोरल्या गोरक्षाकडे गेला आणि होडीचे लाकडी फर्मे धाकट्या कानिफाकडे. आता वाकसाशिवाय फळी तासता येत नाही आणि फर्म्याशिवाय ती कुठे वळवायची ते कळत नाही. भाऊ बोलत नव्हते, पण जावाजावा बोलत होत्या. सोमवारी फर्मे धुण्याच्या पाटीतून थोरलीकडे जात, गुरुवारी वाकस त्याच पाटीतून धाकटीकडे येई. दोघा भावांना हे ठाऊक होतं आणि दोघांनीही ते कधी पाहिलं नव्हतं.

सांगायचा मुद्दा असा, की फर्मे एक, वाकस एक, हात एकाच बापाने वळवलेले. दोघांनी मिळून एकच होडी दोनदा बांधली होती.

गुरुजींनी एकीच्या पाठीवर खडूने १ लिहिलं, तो गोरक्षाचा नमुना. दुसरीवर २, तो कानिफाचा. मग शाळेची टेप आणि छगन शिपाई यांना घेऊन तपासणीला प्रारंभ केला. लांबी सोळा फूट, सोळा फूट. रुंदी चार, चार. तेव्हा गुरुजींनी खिळे मोजायला घेतले. पहिलीत एक खिळा जास्त निघाला. गुरुजींना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिथेच कागद काढला. मग छगनने पुन्हा मोजले, तर दुसरीत एक जास्त निघाला. गुरुजींनी तिसऱ्यांदा मोजले आणि कागद खिशात ठेवला.

एवढ्यात गावाला कळलं, की गुरुजींचं ठरत नाही. हे कळायला गावाला वेळ लागत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन दोन्ही होड्यांवर बोटांनी टकटक करून गेला आणि "दुसरीची छाती साफ आहे" म्हणाला. महायुद्धात बसऱ्याच्या बंदरापर्यंत जाऊन आलेला एक म्हातारा हवालदार म्हणाला, "होडी वासावरून ओळखतात." गुरुजी वाकून वास घेत असतानाच नेमके तपासणीला आलेले शिक्षणाधिकारी फाटकातून आत शिरले. शेजारच्या गीताबाईंचं मत होतं, की होडी काय नि बैल काय, अंगावरचे भोवरे बघावेत. त्यांनी लाकडातल्या गाठी मोजून पहिली खोडीची ठरवली. गीताबाई कानिफाच्या बायकोची मावशी लागतात, हे गुरुजींना चार दिवसांनी समजलं.

दोघे भाऊ आपापल्या वेळी येत. गोरक्ष सकाळी.

"गुरुजी, आपल्याला कुनाची निंदा करायची न्हाई," तो म्हणायचा. "पन ती दुसरी पान्यात घातली, की वर काढायला पुन्हा दुसरी होडी लागंल."

संध्याकाळी कानिफ. तो निंदा न करता नुसता पहिल्या होडीकडे बघून उसासा टाकायचा. तो उसासा गुरुजींना रात्रीच्या जेवणापर्यंत पुरे.

गुरुजींचं कशातच लक्ष लागेना. वर्गात गणित घालताना ते 'एका होडीत' असं म्हणून थांबत आणि खिडकीबाहेर बघत. मधल्या सुट्टीत होड्यांभोवती फेऱ्या घालत. त्या फेऱ्यांची जमिनीवर पायवाट पडली. मालनबाईंनी एकदाच सुचवलं, "अहो, चिठ्ठी टाका की." गुरुजी दुखावले. अकरा घरांचा जीव चिठ्ठीवर टाकायचा म्हणजे काय? मग ते आत गेले, दोन चिठ्ठ्या केल्या, एक उचलली आणि न उघडता फाडून टाकली.

शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'दोन्ही नौका सर्व बाबतींत समान असून कोणतीही एक घेण्यास हरकत नाही.' कागद घेऊन ते स्वतः संगमनेरमार्गे नगरला गेले. तिथल्या कारकुनाने तो वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"समान आहेत तर निवड कशाच्या आधारे?" त्याने विचारलं.

"तेच तर," गुरुजी म्हणाले.

"'तेच तर' हा रकाना नाही आमच्याकडे."

गुरुजी परत आले. या वेळी लिहिलं, की पहिली नौका किंचित सरस वाटते. कागद टपालाने परत आला. शेऱ्यात विचारलं होतं, की 'किंचित' म्हणजे किती, आणि पहिली सरस असल्यास दुसरीची तपासणी करण्यात शाळेचा वेळ का दवडला. खाली एक ओळ होती: 'चिटणिसाने दोन्ही नौकांत स्वतः बसून जलचाचणी घ्यावी व तसा दाखला जोडावा.'

ती ओळ वाचून गुरुजींनी कागदाची घडी घातली आणि तो हजेरीपटाखाली ठेवला. मालनबाईंना दाखवला नाही. तो तिथेच राहिला असता, पण साल होतं एकाहत्तरचं आणि मार्चात लोकसभेचं मतदान होतं. शाळा हे मतदान केंद्र. मतदानाला चार दिवस असताना, त्या बाविसाव्या दिवशीच, निवडणुकीचे एक साहेब जीपमधून आले, खोल्या बघितल्या, मागच्या पटांगणात गेले आणि जागच्या जागी थांबले.

"हे काय आहे?"

"होड्या, साहेब."

"ते दिसतं मला. एका अपक्ष उमेदवाराचं चिन्ह होडी आहे, माहीत आहे का तुम्हाला? मतदान केंद्राच्या आवारात चिन्ह? आणि एक नव्हे, दोन?"

"पालथ्या आहेत, साहेब," गुरुजी म्हणाले. याहून चांगलं उत्तर त्यांना आयुष्यात सुचलं नाही.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. परवा सकाळपर्यंत होड्या हलल्या नाहीत, तर गुरुजींवर प्रचाराचा ठपका येईल असं सांगून जीप गेली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींवर साधा उशिरा आल्याचा शेरा नव्हता. त्यांनी हजेरीपटाखालचा कागद काढला आणि रंभाजीला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोन बैलगाड्या निघाल्या. पहिल्या गाडीवर पहिली होडी आणि शेजारी गोरक्ष, दुसऱ्या गाडीवर दुसरी आणि शेजारी कानिफ. गुरुजी धोतर, कोट आणि टोपी अशा पूर्ण पोशाखात. चढाशी आल्यावर बैलांनी माना टाकल्या. होड्या उतरवल्या, रिकाम्या गाड्या वर नेल्या, मग वस्तीवरून आलेल्या माणसांनी एकेक होडी खांद्यावर घेऊन वर आणली. उन्हात सगळ्यांचे सदरे भिजले. वर आल्यावर सगळ्यांनी पाणी प्यायलं, गूळ खाल्ला, होड्या पुन्हा गाड्यांवर चढवल्या आणि धरण गाठलं.

काठावर होड्या उतरवल्या तेव्हा गुरुजींनी खडूचे आकडे शोधले. खांद्यांच्या घामाने पुसून दोन्ही पाठी कोऱ्या झाल्या होत्या. रंभाजीच्या सदऱ्यावर घामात एक पांढरी वेलांटी उमटली होती, ती दोनाची असावी. पण रंभाजीने कुठली होडी उचलली होती?

"दोन्ही," रंभाजी म्हणाला. "पयली आनून पुन्हा खाली गेल्तो."

गुरुजींनी गोरक्षाकडे पाहिलं. "तुझी कोणती?"

गोरक्षाने एकीभोवती फेरी मारली, दुसरीभोवती मारली. कानिफ उलट्या दिशेने फिरत होता. दोघे समोरासमोर आले, बगल देऊन पुढे गेले. बावीस दिवस दुसऱ्याच्या होडीत शंभर खोडी दाखवणाऱ्या त्या दोघांना आता आपली होडी सापडत नव्हती, आणि तसं म्हणायची छातीही दोघांना नव्हती.

"पान्यात घाला," गोरक्ष शेवटी म्हणाला. "पान्यात कळंल."

होड्या पाण्यात गेल्या. एकीच्या तळाशी बारीक पाणी झिरपायला लागलं. दुसरी खडखडीत कोरडी राहिली.

"ही माझी," दोघे भाऊ एकदम म्हणाले आणि दोघे कोरडीत चढून बसले, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या.

गुरुजींनी मनात कुलदैवत आठवलं, धोतर सावरलं आणि रंभाजीचा हात धरून त्याच होडीत मधोमध बसले. वल्हं रंभाजीच्या हाती. गळकी होडी रंभाजीची बायको कलाबाई हिने घेतली. जावई वल्हवत होता, ती डब्याने पाणी उपसत होती.

काठ मागे गेला तसे गुरुजींनी डोळे समोरच्या फळीवर रोवले. पण भावांना तेवढ्यावर समाधान नव्हतं.

"गुरुजी, तेन्ला सांगा," पुढून गोरक्ष म्हणाला, "हा सांधा बघा म्हनावं. असा सांधा तेंच्या हातून होईल का?"

"गुरुजी, तेन्ला सांगा," मागून कानिफ म्हणाला, "सांधा कुनी शिकवला ते आठवा."

"गुरुजी, तेन्ला सांगा, बाबांनी शिकवलेलं समद्यांनाच येत न्हाई."

गुरुजी पुढे बघत, मागे बघत. तीन आठवड्यांचा सगळा वैताग त्यांच्या डोक्यात चढला. वर्गात दोन पोरं भांडायला लागली की सव्वीस वर्षं ते जे करत आले, तेच त्यांनी केलं. ताडकन उभे राहिले आणि बोट उगारून म्हणाले, "गप्प बसा दोघे."

होडीला शाळेची शिस्त ठाऊक नव्हती. ती एका अंगाला कलली आणि गुरुजी दुसऱ्या अंगाने कोटटोपीसकट पाण्यात गेले.

पाणी थंड होतं आणि खाली काहीच नव्हतं, एवढंच त्यांना नंतर आठवे. वर आले तेव्हा टोपी समोरून चालली होती. गोरक्षनाथांनी आपल्या गुरूला, मच्छिंद्रनाथांना, सोडवून आणल्याची कथा गुरुजी दर वर्षी भाविकपणे वाचत, पण राजूरच्या गोरक्षाला पोहता येत नव्हतं. तो आणि कानिफ दोघेही गुरुजींना धरायला एकाच बाजूला झुकले. होडीची कड पाण्याला टेकली. "बसा खाली, बसा," रंभाजी ओरडला. गुरुजींनी ती कड धरली तशी होडी आणखी कलली. त्यांनी ती सोडली. तेवढी शुद्ध त्यांना होती, होडीत तीन माणसं होती.

मग पाठीमागून कोटाची कॉलर कुणीतरी घट्ट धरली.

"हातपाय मारू नगा, गुरुजी," कलाबाईचा आवाज आला. "ढिलं सोडा आंग. म्या धरलंय."

जावई होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसला, कलाबाईने गुरुजींना मागच्या टोकाकडून, पोतं ओढावं तसं, एका हिसड्यात आत घेतलं. गळकी होडी डुलली, पण उलटली नाही. गुरुजी घोट्याएवढ्या पाण्यात बसून खोकत राहिले. जावयाने त्यांच्या हातात डबा दिला. काहीतरी करायला मिळालं म्हणून गुरुजी पाणी उपसू लागले. जावयाचे तळहात आता भरून आले होते, पण कातडी अजून गुलाबी होती. गुरुजी त्या हातांकडे बघत काठापर्यंत उपसत राहिले.

काठावर त्यांना घोंगडीत गुंडाळून उन्हात बसवलं. कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"माझी होडी उलटली न्हाई, बघितलं ना?" गोरक्ष गळक्या होडीकडे बोट दाखवून म्हणाला.

"ती माझी हाय," कानिफ म्हणाला.

रंभाजी गुरुजींशेजारी उकिडवा बसला. "गुरुजी, एक सांगू का? तीन हप्ते उन्हात ठिवल्यावर फळी आकसनारच. चार दिस पान्यात ऱ्हायली की फुगंल, गळायची थांबंल. आन् टोकाकडनं वर घेतलं असतं तर ती कोरडी बी कलली नसती, बाईमानसाला तेवढं ठावं हुतं म्हनून बरं झालं. दोन्ही होड्या चांगल्याच हायेत. कोनची बी द्या. पन पावसाळ्याच्या आत द्या."

गुरुजींनी दोन्ही होड्यांकडे पाहिलं. मग घोंगडीतून हात बाहेर काढला. "ही," ते म्हणाले. गळकी.

इतक्या सोप्या रीतीने तोंडातून तो शब्द निघाला, की त्यांना स्वतःलाच दचकायला झालं. सोबत आलेल्या छगनकडच्या पिशवीतले कोरडे कागद मागवून त्यांनी तिथेच, गुडघ्यावर पाटी घेऊन, सविस्तर कारण लिहिलं: 'सदर नौकेत एका बुडत्या इसमास पाण्यातून ओढून घेतले असता नौका उलटली नाही. इसम सुखरूप आहे व हा दाखला लिहीत आहे.' तीन प्रती काढल्या.

प्रश्न उरला कारागिराच्या नावाचा. गुरुजींनी मान वर केली. दोघे भाऊ गळक्या होडीत वाकून बसले होते.

"ह्यो सांधा आत बसलाच न्हाई," गोरक्ष फळीवर बोट फिरवत म्हणाला. तो कुणाशी बोलतोय ते कळत नव्हतं, पण जवळपास एकच माणूस होता.

कानिफाने त्याच सांध्यावर अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाला, "फर्मा त्या बाजूनं झिजलाय. बाबा असताना बी तिथं पाचर मारत हुते."

"मग तू मला सांगितलं का न्हाई?"

"कुनाच्या तोंडून सांगू? पाटीतून?"

गोरक्षाने हात पुढे केला, आणि कानिफाने त्यावर पाचरीसाठी खिशातली लाकडाची कपची ठेवली. गुरुजींनी कारागिराच्या रकान्यात लिहिलं: 'गोरक्ष व कानिफनाथ, सख्खे भाऊ.'

मंजुरी होती ती एकाच होडीची. दुसरी परत न्यायला मात्र एकही भाऊ तयार होईना. न जाणो, दुसऱ्याची आपल्या दारात यायची. ती काठावरच राहिली. कलाबाईने आठवडाभर वाट पाहिली आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन ती पाण्यात घातली. त्यासाठी तिने कुणाला अर्ज केला नाही.

श्रावणात खात्याचं पाकीट आलं. 'एका नौकेस दोन कारागीर ग्राह्य धरता येत नाहीत. सबब दोन्ही नौकांची पुन्हा तपासणी करून एकच निवडावी व कारणे सविस्तर कळवावीत.'

पूर्वी असं पाकीट आलं असतं, तर गुरुजींचं दोन दिवस जेवण तुटलं असतं. त्यांनी ते खिशात घातलं आणि एसटीने धरणाजवळच्या शेंडी गावाला जाऊन ते वस्तीवर पोचले. अकरा घरांत म्हातारी माणसं तेवढी होती. दूर पाण्यावर दोन ठिपके हलत होते. एकातून जाळं टाकत होते, दुसऱ्यातून ओढत होते. गुरुजी कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिले. एक होडी कलली की त्यांचे पाय आपोआप पाण्याकडे दोन पावलं जात, सरळ झाली की मागे येत.

मग ते दगडावर बसले, पेन काढलं आणि पाकिटाच्या पाठीवर उत्तराचा मसुदा केला:

'दोन्ही नौका पाण्यात असल्यामुळे तपासणी करता आली नाही.'